आई इंदूरला एकटी राहते: देखरेखीची यंत्रणा बसवताना काय आधी, काय नंतर

मी इंदूरचाच. आमच्या कॉलनीतल्या तीन-चार घरांच्या किल्ल्या माझ्याकडे खुंटीला लटकलेल्या असतात, कारण तिथली मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर थेट अमेरिकेत आहेत आणि घरात आई एकटी किंवा वडील एकटे. मुलांचे फोन येतात: "काका, कॅमेरा लावू का? ते पडल्यावर कळवणारं घड्याळ घेऊ का?" घ्या की. पण रात्री दोनला तुमच्या मोबाईलवर घंटी वाजली तर पायात चपला सरकवून निघणार मी. म्हणून हा लेख किल्लीवाल्या शेजाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे आणि खरेदी त्यात बरीच उशिरा येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. यातलं एकही यंत्र माणसाला पडण्यापासून वाचवत नाही. पडल्यावर फरशीवर किती वेळ पडून राहावं लागतं, तेवढा वेळ ते कमी करतं. आणि तो वेळ फार महत्त्वाचा असतो. म्हातारपणी तासाभराहून जास्त वेळ तसंच पडून राहिलं तर हाड मोडलेलं नसलं तरी अंगाखाली दबलेले स्नायू खराब होतात, शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडावर ताण येतो, कातडी सोलवटते. तेव्हा पुढच्या प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न विचारा: हिच्यामुळे माणूस लवकर पोचेल का? उत्तर डळमळीत आलं तर ती वस्तू दुकानातच राहू द्या.

पहिली पायरी: दार

जादा किल्ली शेजाऱ्याकडे दिली की मुलं निर्धास्त होतात. आता रात्री दहानंतर आईचं घर कसं बंद होतं ते जरा बघा. बाहेर चॅनल गेट, त्याला आतून कुलूप. मग जाळीचं दार, त्याला कडी. मग लाकडी दार, त्याला वर एक कडी, खाली एक कडी आणि मधे लॅच. माझ्याकडची किल्ली यातलं फक्त लॅच उघडते. म्हणजे दिवसा ती उपयोगाची आणि रात्री नुसती खुंटीची शोभा.

सुतार बोलवा. लाकडी दाराला चांगलं, भक्कम नाइट लॅच बसवा: आतून खटक्याने उघडणारं, बाहेरून किल्लीने उघडणारं. वरखालच्या कड्या काढून टाका. जाळीच्या दारालाही कडीऐवजी दोन्ही बाजूंनी उघडणारं कुलूप लावा. चॅनल गेटच्या कुलपाची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात ओवा. काही कुलपांत आतून किल्ली लावून ठेवली तर बाहेरची किल्ली फिरतच नाही. तुमचं तसं आहे का ते तपासा, आणि असेल तर आतली किल्ली कुलपात न ठेवता बाजूच्या खिळ्याला अडकवायची सवय आईला लावा. "कडी न लावता झोपू कशी?" असं ती म्हणेलच. तिची भीती खोटी नाही, म्हणून लॅचमध्ये काटकसर करू नका.

मग तालीम. आई आत, सगळं रात्रीसारखं बंद, आणि शेजाऱ्याने बाहेरून उघडून आत यायचं. हे खरोखर करून बघा. अंधारात, मोबाईलच्या उजेडात, कुठली किल्ली कुठल्या दाराची हेच कळत नाही असं बहुतेक वेळा निघतं. किल्ल्यांना वेगवेगळ्या रंगांचा दोरा बांधा. जुडग्यावर नाव-पत्ता मात्र लिहू नका.

जुडगं दोन घरांत द्या. मे महिन्यात अर्धी कॉलनी लग्नांना गेलेली असते.

बाथरूमचं दार वेगळं प्रकरण आहे. ते बहुतेक घरांत आत उघडतं, आणि पडलेलं माणूस दाराला टेकून पडलेलं असेल तर बाहेरून ढकलून काही होत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करून घ्या. आतल्या कडीच्या जागी बाहेरून नाणं घालून फिरवता येईल असं लॅच लावा. कमोडशेजारी आणि नळाशेजारी आधाराच्या दांड्या ठोका, पण त्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या हव्यात. टॉवेलची दांडी आधाराला पकडली की ती स्क्रूसकट हातात येते. झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंत चाहूल लागताच पेटणारे छोटे दिवे लावा. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

दुसरी पायरी: कुणाला फोन करायचा

पुण्यात बसून तुम्ही ११२ किंवा १०८ लावलात तर तो फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जाईल, मध्य प्रदेशच्या नाही. अमेरिकेतून तर प्रश्नच मिटला. हे ऐन वेळी कळतं तेव्हा फार घालमेल होते. म्हणून इंदूरचा मदतीचा फोन इंदूरच्या माणसानेच करायचा, हे पक्कं ठरवून ठेवा. शिवाय आईच्या भागातल्या पोलीस ठाण्याचा आणि जवळच्या दोन खाजगी रुग्णालयांच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर ०७३१ या कोडासकट तुमच्या फोनमध्ये असू द्या. आयत्या वेळी तो शोधत बसू नका.

ठाण्यात जाऊन एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत आईचं नाव घालता येतं का तेही विचारा. १४५६७ ही केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. पेन्शन, कायदा, छळ, एकटेपणा यासाठी ती उपयोगी पडते. आई पडली तर तिथे फोन करून उपयोग नाही.

फ्रिजच्या दारावर एक पाकीट चिकटवा. आत रोजच्या गोळ्यांची यादी, कशाची ॲलर्जी आहे ते, डॉक्टरांचं नाव, आधारची प्रत, विम्याचे कागद. आईचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल आणि आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड काढलेलं असेल तर त्याचीही प्रत. गोळ्यांच्या यादीत रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिच्याभोवती लाल गोल काढा. अशी गोळी चालू असताना डोक्याला मार बसला, तर माणूस उठून चहा करत असलं तरी रुग्णालयात न्यायचं. हे शेजाऱ्यालाही तोंडी सांगून ठेवा, कारण "काही नाही हो, बरी आहे मी" म्हणणाऱ्या आईपुढे शेजाऱ्याचं काही चालत नाही.

तिसरी पायरी: आईशी बोलणं

हे टाळून मुलं दिवाळीत येतात, दोन दिवसांत सगळं ठोकून जातात, आणि पुढच्या आठवड्यात आई प्लग काढून ठेवते. तिचा हक्कच आहे तो.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एक मावशी, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलाने विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे मी किती वाजता उठते, किती वेळा बाथरूमला जाते, हे तू ऑफिसात बसून बघणार?" मुलगा गप्प. शेवटी त्यांनीच अटी घातल्या. झोपायच्या खोलीत काही नको. कॅमेरा नको. मोबाईलवर काय दिसतं ते मलाही दिसलं पाहिजे. आणि सुनेला नको, फक्त तुला आणि ताईला. (सून हे वाचत असेल तर माफ करा.) सगळ्या अटी पाळता येण्याजोग्या होत्या आणि पाळल्या. त्या घरातलं एकही यंत्र आजवर कुणी काढलेलं नाही.

तुम्हीही असंच करा: काय बसणार, कुठे बसणार, कोण बघणार, आणि "आज मला नको" असं म्हणायचं झालं तर आईने काय दाबायचं, हे चारही तिच्यासमोर ठरवा. धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंनाही सांगा. त्यांची येजाही त्यात नोंदली जाणार आहे, आणि ते त्यांना मागून कळणं बरं नव्हे.

विस्मरणाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आईला समजेल तेवढंच सांगून बाकीचं डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं, आणि मुळात एकटं ठेवावं का हाच प्रश्न आधी येतो. तो या लेखाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

चौथी पायरी: आठवडाभर नुसतं लिहा

यंत्र घेण्याआधी आईचा दिवस कागदावर उतरवा. फोनवर गप्पा मारत मारत होतं हे काम. कधी उठते? दूध कधी घेते? नगर निगमची कचरा गाडी गाणं वाजवत किती वाजता येते, आणि डबा घेऊन गेटपर्यंत कोण जातं? नर्मदेचं पाणी एक दिवसाआड कधी येतं, मोटर कोण लावतं? आंघोळ, पूजा, पोहे, पेपर, दुपारची झोप, संध्याकाळचा फेरफटका, टीव्ही.

या यादीतून अशा दोन-तीन गोष्टी निवडा, ज्या ती ताप असला तरी करतेच. बहुतेक जणींच्या बाबतीत सकाळचा चहा आणि देवपूजा. यंत्राने नेमकं हेच पाहायचं असतं: रोज होणारी गोष्ट आज झाली का? पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसा हा रोज सकाळचा दाखला, फक्त आईला त्यासाठी वेगळं काही करावं लागू नये एवढीच खबरदारी घ्यायची. "रोज नऊला बटण दाब" असं काही सांगितलंत तर पंधरा दिवसांत ती विसरेल आणि तुमचा जीव टांगणीला लागेल.

कचरा गाडीवाल्याची ओळख करून घ्या, हा सल्ला कुठल्याच दुकानात मिळणार नाही. रोज सकाळी दाराशी येणारा माणूस आहे तो. "मावशी दोन दिवस दिसल्या नाहीत" हे त्याने शेजारी सांगितलं तर त्यासारखा सेन्सर नाही.

पाचवी पायरी: वीज आणि इंटरनेट

राउटर बंद तर सगळं बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते मेन स्विच पाडून तपासा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. साधारण हजार-दोन हजारांत महाराणी रोडला किंवा ऑनलाइन घ्या आणि काही तासांची सोय होते. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पियर जुळवून घ्या, नुसती पिन बसते म्हणून घेऊ नका.

ही स्वस्तातली यंत्रं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. राउटरवर २.४ आणि ५ या दोन्ही वाय-फायची नावं एकच असतील तर जोडताना अडतं. दोघांना वेगळी नावं द्या. इंटरनेटचं बिल ऑटो-पेवर टाका, आईच्या मोबाईलचा रिचार्ज तुमच्या खात्यातून भरा. यंत्रणा बंद पडण्याचं सगळ्यात सामान्य कारण संपलेला रिचार्ज हेच असतं.

सहावी पायरी: आता खरेदी

छोट्या घराला एक हब (सगळे सेन्सर जिला जोडले जातात ती पेटी), दोन चाहूल सेन्सर, दोन दाराचे सेन्सर आणि एक-दोन मदतीची बटणं एवढं पुरतं. हे साधारण दहा-पंधरा हजारांच्या आत बसतं. हब घ्यायचा कारण त्यामुळे झिगबीवर (वाय-फायसारखीच, पण कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत) चालणारे सेन्सर लावता येतात, आणि त्यांची बॅटरी वर्ष-दोन वर्षं टिकते. थेट वाय-फायवर चालणारे सेन्सर बॅटरी भराभर खातात आणि मग दर थोड्या दिवसांनी शिडी लावून ती बदलणार कोण, हा प्रश्न उरतो.

दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "हालचाल झाली तर कळवतं हे ठीक, पण ठरलेल्या वेळात हालचाल झाली नाही तर कळवतं का?" चोरासाठी बनवलेली यंत्रं "झाली तर"वाली असतात. आपल्याला "झाली नाही तर"वाली हवीत. ॲपमध्ये हा नियम करून दाखवा म्हणावं. दाखवता आला नाही तर पुढच्या दुकानात जा.

चाहूल सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालतो. म्हणजे खोलीतल्या उष्णतेचा ठिपका एका जागेवरून दुसरीकडे सरकला की त्याला कळतं. त्यावरून बसवायची जागा ठरते. भिंतीच्या कोपऱ्यात साधारण सहा-सात फुटांवर, माणूस त्याच्यासमोरून आडवं जाईल असा लावा. सरळ त्याच्या दिशेने चालत येणारं माणूस त्याला उशिरा दिसतं. खिडकीकडे, कुलरकडे किंवा गॅसच्या शेगडीकडे तोंड नको. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे मे महिन्यातली दुपार. पारा चाळिशीपार जातो, भिंती तापतात, भिंत आणि अंग यांच्या तापमानात फरकच उरत नाही, मग सेन्सर मंद होतो. दुपारच्या वेळचे नियम उन्हाळ्यात सैल ठेवा. उलट पाल त्याच्या भिंगावरून गेली तर त्याला वाटतं माणूस गेलं. म्हणून एकाच सेन्सरच्या भरवशावर "सगळं ठीक" म्हणू नये.

एक चाहूल सेन्सर झोपायची खोली आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात. दुसरा स्वयंपाकघरात. दाराचा सेन्सर म्हणजे एक चुंबक आणि एक डबी, दार उघडलं की दोघं लांब जातात. हा पाल-उन्हाच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे मला जास्त आवडतो. एक बाथरूमच्या दाराला. दुसरा मुख्य दाराला लावायचा असं सगळे सांगतात. मी देवघराच्या दाराला लावायला सांगतो. त्या मुख्याध्यापिका मावशींच्या देवघराचं दार रोज सकाळी आंघोळीनंतर उघडतं, एकादशी असो की सर्दी-पडसं. देवघराला दार नसेल तर फ्रिजला लावा, चहाचं दूध तिथूनच निघतं.

मदतीचं बटण डोक्याच्या उंचीवर लावलेलं मी पाहिलं आहे. पडलेल्या माणसाचा हात तिथे कसा पोचणार? बाथरूममध्ये ते जमिनीपासून फूटभर उंचीवर हवं, पाणी लागलं तरी चालेल असं. दुसरं गळ्यात किंवा उशाशी. आणि याहून सोपी युक्ती: बिनतारी दारघंटी. बटण आईकडे, घंटी शेजाऱ्याच्या हॉलमध्ये. इंटरनेट नको, ॲप नको, काही शेकड्यांचं काम. खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, मधे दोन भिंती आल्या की तो बराच घटतो. म्हणून घेण्याआधी दोन्ही घरांत वाजवून बघा.

वीज मोजणारा स्मार्ट प्लगही चालतो, टीव्ही किंवा इलेक्ट्रिक किटली लागली की कळतं. पण ऑक्सिजनचं यंत्र किंवा तसलं काही आईकडे असेल तर ते कधीही स्मार्ट प्लगवर लावू नका. चुकून कुणी मोबाईलवरून बंद केलं तर?

सातवी पायरी: नियम

पहिले दोन आठवडे एकही अलार्म लावू नका. नुसती नोंद होऊ द्या. मग आकडे बघून वेळा ठरवा. आई साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान चहा करत असेल तर नियम साडेआठचा. सातचा ठेवलात तर आठवड्यात चार वेळा घाबराल, आणि पुढच्या महिन्यात घंटी वाजली तरी फोन उचलणार नाही. खोट्या हाका फार झाल्या की खऱ्या हाकेचं मोल जातं.

सुरुवातीला तीन नियम पुरेत. सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही शांत असतील तर कळव. एरवी उघडं राहणारं बाथरूमचं दार पाऊण तास बंद असेल तर कळव. रात्री बोळातून बाथरूमकडे हालचाल झाली आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत झाली नाही तर कळव. मदतीचं बटण अर्थातच केव्हाही.

घंटी वाजली की काय करायचं, हे आता लिहून सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. आधी आईला फोन. पाच मिनिटांनी परत. उचलला नाही तर शेजाऱ्याला: "काका, जरा बघता का?" शेजारी आधी बेल वाजवणार, हाक मारणार, मग किल्ली. आत गेल्यावर पडलेल्या माणसाला ओढून उठवायची घाई करू नये. मान, कंबर, डोकं दुखतंय का विचारायचं, आणि शंका असेल तर तसंच पडू देऊन, अंगावर पांघरूण घालून १०८. मदतीचं बटण दाबलं गेलं असेल तर पहिले दोन फोन गाळून थेट शेजारी.

भावंडांत वाटणी अशी करा की जागं असणारं माणूस पहारा करेल. एक बहीण पुण्याला आणि भाऊ न्यू जर्सीला असेल तर इंदूरची रात्र भावाची. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिकडे दुपार असते. "मी इतक्या लांबून काय करणार" म्हणणाऱ्या भावाला हे काम बरोबर जमतं.

ज्या मोबाईलवर घंटी यायची, त्यात बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवत असतो. सेटिंगमध्ये त्या ॲपला बंधन नको असं करा आणि "डू नॉट डिस्टर्ब"मधूनही त्याला सूट द्या. नाहीतर यंत्र ओरडतंय आणि फोन गप्प.

आई चार दिवस देवासला बहिणीकडे गेली की नियम थांबवायची सोय शोधून ठेवा. आणि परत आल्यावर ते चालू करायची आठवण कॅलेंडरमध्ये घाला.

घड्याळ, कॅमेरा, गॅस

पडल्याचं ओळखणारी घड्याळं चांगली आहेत, ज्याला सवय लागेल त्याच्यासाठी. ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. जोरात पडल्यावर माणूस मिनिटभर हललं नाही तर ते स्वतःच मदतीचा फोन लावतं. पण भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसणं त्याला बहुधा पडणं वाटत नाही, रोज चार्ज करावं लागतं, आणि आई ते काढून ठेवते नेमकं आंघोळीला जाताना. घड्याळ बाहेर फिरायला जाणाऱ्या वडिलांसाठी जास्त कामाचं.

फोनमध्येच असलेली सोय आधी वापरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण भराभर पाच वेळा दाबलं की मदतीचा फोन लागतो. भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की तेच होतं. उगाच दाबून बघू नका, खरंच ११२ ला लागतो.

कॅमेरा एकच, मुख्य दारावर, बाहेरच्या बाजूला तोंड करून. आतला कॅमेरा आईला अवघडून टाकतो, आणि रात्री अंधारात बाथरूममध्ये पडलेली आई हॉलच्या कॅमेऱ्यात दिसत नाही ती नाहीच. लावलात तर कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि जेल रोडला मिळणारा निनावी स्वस्त माल टाळा.

अलेक्सावर आईला हाताला काही न लावता तुम्हाला फोन लावता येतो, ते बरं आहे. मराठी तिला कळत नाही, हिंदी कळतं, आणि इंदूरच्या आयांना हिंदीची अडचण नसते. तिच्यावरून १०८ किंवा ११२ मात्र लागत नाही.

गॅस गळती ओळखणारं यंत्र घेताना घरात सिलिंडर आहे की अवंतिका गॅस कंपनीची पाइपलाइन ते आधी बघा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, म्हणून यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपचा गॅस हलका, वर चढतो, म्हणून यंत्र छताजवळ. कॉलनीत पाइपलाइन आली, सिलिंडर गेला आणि यंत्र ओट्याखालीच राहिलं, अशी घरं आहेत. यंत्र कुठल्या गॅससाठी आहे तेही खोक्यावर वाचा.

ठगांबद्दल आईला एकदा नीट सांगा. "मॅडम, तुमच्या सेन्सरच्या कंपनीतून बोलतोय, ओटीपी सांगा, स्क्रीन दाखवा" असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि तुम्हाला कळवायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. सगळी ॲप तुमच्या मोबाईलवर असू द्या, आईच्या फोनवर बँकेच्या ॲपशेजारी आणखी गर्दी नको.

महिन्याला पैसे घेऊन देखरेख करणाऱ्या संस्थाही आता आहेत. करार करण्याआधी विचारा की रात्री तीनला फोन कोण उचलतं, इंदूरमध्ये त्यांचा स्वतःचा माणूस आहे की तेही शेवटी १०८ आणि शेजारीच गाठणार. दुसरं उत्तर आलं तर तेवढे पैसे सुताराला द्या.

दर महिन्याची तपासणी

पहिल्या रविवारी, आईसोबत व्हिडिओ कॉलवर. तिने दोन्ही बटणं दाबायची, तुमच्या सगळ्यांच्या फोनवर घंटी आली का बघायचं. दारघंटी दाबायची, शेजाऱ्याकडे वाजली का विचारायचं. घराचा मेन स्विच पाडून राउटरचा यूपीएस किती टिकतो ते वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पावसाळ्याच्या आधी. सेन्सरच्या बॅटरी ॲपमध्ये वीस टक्क्यांवर आल्या की बदला, आणि त्या बदलायला आईला स्टुलावर चढवू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा किंवा शेजाऱ्याच्या मुलाला. गोळ्या बदलल्या असतील तर फ्रिजवरचा कागद नवा. शेजारी घर सोडून गेले, किंवा त्यांचाच आता गुडघा दुखायला लागला, तर जुडगं दुसऱ्या घरी हलवा आणि नव्या माणसासोबत दाराची तालीम पुन्हा एकदा, रात्रीच्या अंधारात.